रुग्णसहाय्यक व्हायचे आहे? जीडीए प्रशिक्षण कसे निवडावे आणि त्यात काय शिकून घ्यावे

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून बसवणे, त्याचे तोंड धुवून देणे, स्पंजिंग करणे (ओल्या कापडाने अंग पुसणे), बेडपॅन देणे, ओली झालेली चादर बदलणे, दोन घास भरवणे, एक्स-रेसाठी ट्रॉलीवरून नेऊन आणणे ही कामे ज्याच्या हातून होतात, त्याच्याशी रुग्णाचा दिवसभरात सर्वांत जास्त संबंध येतो. आपल्या रुग्णालयांत या माणसांना मावशी, मामा, वॉर्डबॉय किंवा आया म्हणून हाक मारली जाते आणि घरी येऊन सेवा करणाऱ्यांना केअरटेकर म्हणतात. कौशल्य विकासाच्या सरकारी चौकटीत या कामाचे नाव जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजेच जीडीए, असे आहे. हे काम बघून बघून येते, त्याला वेगळे शिक्षण कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु चुकीच्या पद्धतीने उचललेला रुग्ण खांद्याच्या दुखापतीने महिनोन्महिने त्रास सोसतो, आडवे ठेवून पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि उचलणाऱ्याची स्वतःची कंबरही कायमची जाऊ शकते. म्हणून महाराष्ट्रात हे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी, तसेच घर सांभाळून पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या महिलांनी, प्रवेश घेण्याआधी आणि प्रशिक्षण चालू असताना काय पाहावे हे येथे सविस्तर मांडले आहे.

हा नर्सिंगचा अभ्यासक्रम नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण सर्वाधिक फसवणूक याच ठिकाणी होते. परिचारिका होण्याचे मान्यताप्राप्त मार्ग तीनच आहेत: बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग. हे अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार चालतात आणि ते पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नावाची नोंदणी करावी लागते. या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. जीडीएचा अभ्यासक्रम काही महिन्यांचा असतो, त्याच्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी मिळत नाही आणि त्या आधारे कोणी स्वतःला नर्स म्हणवून घेऊ नये.

असे असूनही सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्सिंग’ शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या पाट्या तालुक्याच्या गावांतून आजही दिसतात. पांढरा गणवेश, टोपी घातलेल्या मुलींचे छायाचित्र आणि ‘१०० टक्के नोकरी’ हा मजकूर पाहून आईवडील कर्ज काढून पैसे भरतात. पुढे मुलगी मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला जाते तेव्हा नोंदणी क्रमांक विचारला जातो आणि तिथेच सगळे थांबते. रुग्णसहाय्यकाचे प्रशिक्षण हे रुग्णसहाय्यकाचे म्हणूनच घ्यावे. ते सन्मानाचे काम आहे आणि त्याला मागणी आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही नावाची झूल त्यावर पांघरण्याची गरज नाही.

संस्था निवडताना

आरोग्य क्षेत्रातील कौशल्य अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल ही संस्था तयार करते आणि राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद त्यांना मान्यता देते. मान्यता मिळालेला प्रत्येक अभ्यासक्रम राष्ट्रीय अर्हता नोंदवहीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्याचा स्तर, प्रवेशासाठी लागणारे शिक्षण, वर्गातील तास आणि प्रत्यक्ष कामावरील तास असा सर्व तपशील तेथे असतो. संस्थेने दाखवलेल्या माहितीपत्रकातील तास आणि या नोंदवहीतील तास जुळतात का, हे मोबाइलवरही दहा मिनिटांत तपासता येते. बहुतेक ठिकाणी दहावी उत्तीर्ण उमेदवारास प्रवेश मिळतो. तथापि निकष वेळोवेळी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचा निकष नोंदवहीतच पाहावा.

शुल्क भरण्याआधी सरकारी योजनांची चौकशी अवश्य करावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांतील तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, तर राज्याचे स्वतंत्र कौशल्य अभियानही आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या केंद्राला जीडीएची तुकडी मंजूर आहे, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारावे. ज्या महिला आणि पुरुष अनेक वर्षे मावशी किंवा वॉर्डबॉय म्हणून काम करत आहेत, पण हातात कागद नाही, त्यांच्यासाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ ही सोय आहे. त्यात थोडे उजळणीचे प्रशिक्षण होते, परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. अनुभवी माणसाने नव्याने संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी ही वाट पाहून घ्यावी.

माझ्या मते संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न शुल्काचा नसून प्रात्यक्षिकाचा असावा. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते, तिथे किती खाटा आहेत, दररोज किती तास वॉर्डात उभे राहायला मिळते आणि शिकवणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका आहे का, हे चार प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत आणि उत्तर गुळमुळीत असेल तर दुसरी संस्था पाहावी. काही ठिकाणी एका पुतळ्याभोवती पूर्ण वर्ग उभा करून ‘प्रात्यक्षिक झाले’ अशी सही घेतली जाते. पुतळा जड नसतो, त्याला दुखत नाही, त्याला लाज वाटत नाही आणि तो घाबरून तुमचा हात घट्ट धरत नाही, त्यामुळे पुतळ्यावर केवळ हालचालींचा क्रम शिकता येतो. शक्य असल्यास मागील तुकडीतील दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. शेवटची परीक्षा शिकवणारी संस्था स्वतःच घेते की बाहेरचा मूल्यमापक येऊन घेतो, हेही विचारावे, कारण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडे असते.

प्रवेश नक्की झाला की लसीकरणाकडे लक्ष द्यावे. हेपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस पहिला, त्यानंतर एक महिन्याने आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी असे घ्यायचे असतात, त्यामुळे वॉर्डात जाण्याच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करून काहीच साधत नाही. अर्ज भरतानाच पहिला डोस घेतलेला बरा.

हात धुण्यापासून सुरुवात

प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात हात धुणे शिकवले जाते आणि अनेकांना ते बालिश वाटते. साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझर चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोके हे भाग हमखास राहून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, कोणतीही निर्जंतुक कृती करण्याआधी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. यांतील पाचवी वेळ बहुतेक जण विसरतात. रुग्णाला हातही न लावता केवळ त्याच्या कॉटचा कठडा किंवा लॉकर पुसला, तरी पुढच्या कॉटकडे जाण्याआधी हात स्वच्छ करायचे असतात. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही.

याच्या जोडीला जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग तोंडपाठ असावेत. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस, गॉज व बँडेज पिवळ्या पिशवीत जाते. सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात टाकतात. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. चुकून सुई टोचलीच तर ती जागा दाबून रक्त काढत बसू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब इन्चार्ज सिस्टरला सांगावे, कारण एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. कोणी रागावेल या भीतीने नव्या मुली हे लपवतात, आणि तसे कधीही होता कामा नये.

कुशीवर वळवणे

संपूर्ण अभ्यासक्रमातील एकच कौशल्य नीट शिका असे सांगायची वेळ आली तर मी रुग्णाला कुशीवर वळवण्याचे नाव घेईन. अंथरुणावर हालचाल न करणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, खांद्याच्या पात्यावर आणि घोट्यावर शरीराचा भार सतत पडतो, तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि बेडसोअर होतो. एकदा जखम खोल गेली की ती भरायला महिने लागतात. साधारणपणे दर दोन तासांनी स्थिती बदलणे हा त्यावरचा मुख्य उपाय आहे आणि तो बहुतांशी रुग्णसहाय्यकाच्या हातात असतो.

हे करताना प्रथम कॉटचे ब्रेक लावावेत, कॉट वर-खाली होणारी असेल तर ती आपल्या कमरेइतकी उंच घ्यावी आणि पडदा ओढावा. रुग्ण बेशुद्ध असला तरी ‘आजोबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय’ असे त्याला सांगावे, कारण बोलता न येणाऱ्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. सलाईनची नळी आणि युरिन बॅगची नळी कुठून कशी जाते हे डोळ्यांनी पाहून मोकळी करून घ्यावी. डाव्या कुशीवर वळवायचे असेल तर दोघांनी ड्रॉ शीट (रुग्णाच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर) धरून रुग्णाला आधी कॉटच्या उजव्या कडेकडे सरकवावे, म्हणजे वळल्यावर तो मध्यभागी येतो. उजव्या बाजूचा कठडा वर करून आपण डाव्या बाजूला यावे. रुग्णाचा डावा हात अंगाखाली सापडणार नाही असा बाजूला घ्यावा, उजवा हात छातीवर ठेवावा, उजवा गुडघा दुमडावा. मग एक तळवा त्याच्या उजव्या खांद्यामागे आणि दुसरा उजव्या खुब्यामागे ठेवून, आपले गुडघे किंचित वाकवून, त्याला सावकाश आपल्याकडे वळवावे. खेचण्याचा जोर आपल्या मांड्यांतून यावा, पाठीतून नव्हे. त्यानंतर पाठीमागे उशी द्यावी, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी आणि वरच्या हाताखाली एक उशी ठेवावी. पूर्ण काटकोनात वळवण्याऐवजी पाठीमागच्या उशीवर थोडे रेलून, साधारण ३० अंशांच्या कोनात ठेवल्यास खुब्यावर भार कमी येतो.

वळवलेले असतानाच पाठ, कंबर आणि टाचा पाहून घ्याव्यात. एखादी जागा लालसर दिसली तर तेथे बोट हलके दाबून सोडावे. लाली क्षणभर फिकी न होता तशीच राहिली तर ती बेडसोअरची पहिली पायरी समजावी आणि लगेच सिस्टरला दाखवावे. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, त्यामुळे ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा अधिक काळपट, गरम किंवा कडक लागते का, हे हात लावून पाहायचे असते. अशा जागेवर पावडर किंवा स्पिरिट लावून जोराने चोळण्याची जुनी सवय पुष्कळ ठिकाणी अजून दिसते. त्या चोळण्याने आतल्या पेशींची हानी वाढते, म्हणून कोणी जुन्या माणसाने सांगितले तरी तसे करू नये.

अर्धांगवायूच्या रुग्णाबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्हीलचेअर त्याच्या चांगल्या बाजूला लावावी, दोन्ही ब्रेक लावून पायदाण्या बाजूला कराव्यात. आणि लुळा हात धरून किंवा बगलेत हात घालून त्याला कधीही ओढू नये, कारण त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा सहज निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरून उभे करणे सर्वांत सुरक्षित असते. तो पट्टा वापरायला शिकवतात का, हेही संस्थेत विचारण्याजोगे आहे.

भरवणे, मोजणे आणि लिहिणे

भरवताना रुग्णाला शक्य तितके सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी आणि आपणही त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले की रुग्णाची मान वर होते आणि घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. घास चमचाभर, आणि पहिला गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. अर्धांगवायू असेल तर घास तोंडाच्या चांगल्या बाजूला ठेवावा आणि शेवटी लुळ्या गालात अन्न साठले नाही ना ते पाहावे. अनेकांना पेज नीट गिळता येते, पण साध्या पाण्याने ठसका लागतो. खाताना खोकला येणे किंवा घास गिळल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणे ही लक्षणे दिसल्यास भरवणे थांबवून सिस्टरला बोलवावे. जेवणानंतर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबमधील आहार, इंजेक्शन, सलाईन, गोळ्या देणे आणि जखमेचे ड्रेसिंग ही परिचारिकेची कामे आहेत. वॉर्डात गर्दी आहे म्हणून कोणी ‘एवढे कर’ म्हटले तरी नम्रपणे नकार द्यावा, कारण चूक झाल्यास रुग्णाचा जीव आणि तुमचे काम दोन्ही धोक्यात येते.

तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजायला शिकवतात. प्रौढ व्यक्तीची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि ऑक्सिजन ९५ टक्क्यांपेक्षा जास्त असणे सर्वसाधारण मानले जाते. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की त्याची लय बदलते, म्हणून नाडीवरचे बोट तसेच ठेवून छातीकडे पाहत पूर्ण मिनिट मोजावे. आकडा जसा आला तसाच लिहावा. मागच्या ड्यूटीचे आकडे पाहून त्यांच्या जवळपासचा आकडा टाकणे हा गंभीर अपराध आहे, कारण डॉक्टर त्या तक्त्यावर विश्वास ठेवून औषध बदलतात. किती पाणी प्यायले आणि किती लघवी झाली याचा तक्ताही असाच मिलिलिटरमध्ये भरावा. ‘एक ग्लास’ असे लिहून चालत नाही, तो ग्लास आधी एकदा मापून घ्यावा. युरिन बॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगावी आणि जमिनीला टेकू देऊ नये.

हृदय बंद पडल्यास द्यायच्या छातीदाबाचे प्रशिक्षण पुतळ्यावरच होते आणि ते मन लावून करावे: प्रौढ व्यक्तीसाठी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक ३० दाबांनंतर दोन श्वास.

माणसाच्या लाजेची जाण ठेवणे हा भाग कोणत्याही तासांत मोजला जात नाही, तरी तो प्रशिक्षणाचाच भाग आहे. स्पंजिंग करताना जेवढा भाग पुसत आहोत तेवढाच उघडा ठेवावा, बाकी अंगावर चादर असावी. ज्या बाईंनी आयुष्यभर कुणासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना बेडपॅन मागायला किती जड जात असेल याचा विचार करून आपणच वेळोवेळी हळू आवाजात विचारावे. रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याच्या आजाराची माहिती व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये, अगदी नातेवाइकालाही नाही. ते सांगणे डॉक्टर आणि सिस्टरचे काम आहे.

काम मिळवताना

प्रशिक्षणानंतर पहिले वर्षभर तरी रुग्णालयातच काम करावे, असा माझा आग्रह आहे. घरी जाऊन सेवा करण्याच्या कामात सुरुवातीला पैसे थोडे अधिक मिळतात, परंतु तेथे रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास बदलला तर विचारायला जवळ कोणी नसते. वॉर्डात प्रत्येक पाळीत अनुभवी सिस्टर असतात आणि पाळी बदलताना पुढच्या व्यक्तीला रुग्णाची माहिती (हँडओव्हर) कशी द्यायची, काय लगेच सांगायचे व काय लिहून ठेवायचे, हे त्यांच्याकडे पाहून शिकता येते. नोकरी स्वीकारताना नेमणूकपत्र, कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांची विचारणा करावी. रुग्णालयातील काम कंत्राटदारामार्फत असेल तर पगारपत्रक दरमहा मागून घ्यावे.

ब्युरोमार्फत, म्हणजे केअरटेकर पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, घरी काम घेतल्यास काही गोष्टी लेखी असाव्यात: ड्यूटी १२ तासांची की २४ तासांची, २४ तासांची असल्यास झोप व जेवणाची सोय कशी आहे, आठवड्याची सुट्टी, ब्युरोचे कमिशन, आणि कामाची यादी. रुग्णाचे कपडे धुणे व त्याची खोली स्वच्छ ठेवणे त्यात बसते, पण संपूर्ण घराचा स्वयंपाक आणि धुणीभांडी बसत नाही, आणि हे पहिल्या दिवशी न बोलल्यास पुढे बोलणे कठीण होते. परदेशात केअरगिव्हर म्हणून पाठवतो असे सांगणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याच्या हाती पासपोर्ट किंवा पैसे देऊ नयेत.

काम करता करता ज्यांना पुढे परिचारिका व्हायचे आहे, त्यांनी वयाचा हिशेब आधीच करावा. एएनएमसाठी बारावी उत्तीर्ण असावी लागते आणि वय १७ ते ३५ या मर्यादेत असावे लागते. जीडीएच्या अनुभवामुळे एएनएमच्या दोन वर्षांच्या कालावधीत सूट मिळत नाही. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलींनी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून नोकरी सांभाळत खासगीरीत्या बारावी करावी. हा फॉर्म मंडळाने जाहीर केलेल्या मुदतीतच ऑनलाइन भरावा लागतो, त्यामुळे परीक्षेची वाट न पाहता वर्षाच्या सुरुवातीलाच जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील संपर्क केंद्रात जाऊन दहावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवून चौकशी करावी.